पैठणी तीच, खेळ निराळा

नवरात्र आठवड्यावर आलं की चौकातल्या खांबांवर एक ठरावीक फलक चढतो. जांभळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात मोर, मधोमध घडी घातलेली पैठणी. तिच्या एका बाजूला हात जोडून उभा असलेला नगरसेवक किंवा नगरसेवक होऊ पाहणारा, दुसऱ्या बाजूला माइक धरलेला हसतमुख माणूस. वर मोठ्या अक्षरांत 'खेळ पैठणीचा', खाली 'फक्त महिलांसाठी, प्रवेश विनामूल्य'. माइकवाल्याच्या नावापुढे 'भावोजी' हमखास असतं. तालुक्यातालुक्यात असे भावोजी आहेत. गणपतीत, नवरात्रात, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आणि आठ मार्चला त्यांच्या तारखा मिळत नाहीत.

मूळ भावोजी टीव्हीतले. २००४ साली, तेव्हाच्या अल्फा मराठीवर 'होम मिनिस्टर' सुरू झाला. पुढच्या वर्षी वाहिनीचं नाव झी मराठी झालं. कार्यक्रम चालू राहिला आणि त्याचे सूत्रसंचालक आदेश बांदेकर यांचं नाव मागे पडून 'भावोजी' हीच त्यांची ओळख झाली. रोज संध्याकाळी ते कुणाच्या तरी घरी जात, वहिनींशी गप्पा मारत, नवऱ्याची फिरकी घेत, सासूबाईंना बोलतं करत, घरातल्याच वस्तू घेऊन दोन-चार खेळ खेळवत आणि जिंकणारीच्या हाती पैठणी देत. इतका साधा आराखडा. पण तो वर्षानुवर्षं चालला आणि चालता चालता वाहिनीच्या हातून निसटून गावोगावच्या मांडवांत पोचला.

मांडवात पोचल्यावर त्याचं काय झालं, हा या लेखाचा विषय आहे. टीव्हीवरचा खेळ समोर बसलेल्या माणसांसाठी पुन्हा मांडायचा, तर मूळ किती जपायचं आणि किती मोडायचं? हा प्रश्न आपल्याकडच्या भावोज्यांना पडतो तसाच तो अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या मोठ्या कंपन्यांनाही पडला. त्यांनी त्यावर बराच पैसा खर्च केला. आपल्याकडे तो रोज संध्याकाळी, जनरेटरच्या आवाजात, विनाखर्च सुटतो किंवा सुटत नाही.

*

आधी मांडवातलं पाहू. फलकावर वेळ सहाची असते, कार्यक्रम साडेसातला सुरू होतो आणि हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. प्रवेशापाशी टेबल, वही, नाव आणि मोबाइल नंबर. (ते नंबर पुढे कुठे जातात हे निवडणूक आली की कळतं.) कुपनाचा अर्धा तुकडा बाईच्या हातात, अर्धा डब्यात. समोर पाचशे, सातशे, कधी हजार जणी. त्यांच्यातून शेवटी एक उरली पाहिजे आणि तेही दहाच्या आत, कारण दहाला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो.

टीव्हीवर दोन-तीन जणींचा खेळ होता, इथे हजार जणींतून एक निवडायची आहे. त्यामुळे खेळाची रचना मुळापासून बदलते. एका वेळी वीस-पंचवीस जणींना वर बोलवायचं, मिनिट-दीड मिनिटाचा एक खेळ घ्यायचा आणि त्यातून दोघी-तिघी पुढे काढायच्या. स्ट्रॉने थर्माकोलचे गोळे उचलणं, एका हाताने बांगड्या भरणं, प्लॅस्टिकच्या पेल्यांचा मनोरा, आरशात न पाहता ओळीने टिकल्या लावणं, फुगा फुगवून फोडणं, आणि वेळ संपत आली की संगीतखुर्ची. संगीतखुर्चीसारखा चाळणीचा खेळ दुसरा नाही; पंधरा जणींच्या तीन उरायला पाच मिनिटं पुरतात. वस्तू स्वस्त हव्यात, मोडल्या तरी चालतील अशा हव्यात आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटच्या रांगेतल्या आजींनाही कोण हरलं हे दिसायला हवं. टिकल्यांचा खेळ दिवाणखान्यात छान होतो, मैदानावर तो पहिल्या तीन ओळींपुरताच राहतो. फुगा मात्र सगळ्यांना ऐकू येतो. जाणते भावोजी त्यामुळे टिकल्या पहिल्या फेरीत उरकतात आणि फुगे शेवटासाठी राखतात.

ही सगळी मोडतोड मला मान्य आहे. मैदान म्हणजे दिवाणखाना नव्हे, तिथे दिवाणखान्याचा हट्ट धरला तर कार्यक्रम पडतो.

पण एक गोष्ट या मोडतोडीत गेली आणि ती भारी होती. 'होम मिनिस्टर' पाहणाऱ्यांना त्यातले खेळ आठवत नाहीत. तुम्हीही आठवून पाहा, एखाददुसराच आठवेल. आठवतात त्या गप्पा. लग्न कसं जमलं, पहिल्यांदा केलेल्या पुरणपोळ्यांचं काय झालं, नवरा रुसतो तेव्हा काय करतो. कॅमेरा घरात आलाय म्हणून नेसलेली ठेवणीतली साडी, मागच्या भिंतीवरचं लग्नाचं रंगवलेलं छायाचित्र, दारातून डोकावणारे शेजारी. एरवी जिला कुणी काही विचारत नाही अशा बाईला एक माणूस घरी येऊन तिच्याबद्दल विचारतो आणि सगळं राज्य ऐकतं, हा त्या कार्यक्रमाचा गाभा होता. पैठणी हे तिथे शिरायचं निमित्त. त्या गप्पांना संकलनाचाही आधार होता. चित्रण लांबलं, कुणी लाजून गप्प बसलं, कुणाला रडू आलं, तर ते कापता-जोडता येत होतं. मैदानावर पंचवीस जणी रांगेत उभ्या असतात, प्रत्येकीच्या तोंडापुढे माइक अर्धा मिनिट येतो. नाव, गाव, उखाणा, टाळ्या, पुढची. गप्पा गेल्या, निमित्त राहिलं.

म्हणून कुणी 'आम्ही अगदी टीव्हीसारखं करतो' असं सांगितलं की मी विचारतो, टीव्हीतलं नेमकं काय? पैठणी, भावोजी, शीर्षकगीताची चाल, मोराचं चित्र हे सगळं जसंच्या तसं उचललेलं असतं. जे उचलता आलं नाही त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

*

उलट टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. ब्रिटनमध्ये ४ सप्टेंबर १९९८ रोजी सुरू झालेला 'हू वॉन्ट्स टू बी अ मिलियनेअर' आपल्याकडे ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' होऊन आला, हे सांगायला नको. त्याच सुमाराला अमेरिकेतही तो गाजत होता आणि २००१ मध्ये डिस्नेने फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया इथल्या आपल्या करमणूक-उद्यानांत त्याची एक प्रत्यक्ष आवृत्ती उभी केली. नाव मूळचंच, शेवटी फक्त 'प्ले इट' जोडलेलं.

डिस्नेने सेट हुबेहूब उभा केला. तो गोल मंच, उंच खुर्च्या, वरून खाली झुकणारे प्रकाशझोत, ते संगीत. या संगीताची एक गंमत आहे. प्रश्न वरच्या पायरीवर गेला की पार्श्वसंगीत अर्ध्या स्वराने चढतं. ऐकणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही, छातीत मात्र जाणवतं. डिस्नेने यातल्या कशालाच हात लावला नाही. आणि मग नियमांना मात्र बिनधास्त हात घातला.

टीव्हीवर दहा जण 'फास्टेस्ट फिंगर'साठी बसतात आणि बाकीचे टाळ्या वाजवतात. इथे सभागृहातल्या प्रत्येक आसनाला चार बटणं होती. पहिला प्रश्न सगळ्यांना. जो सगळ्यांत आधी बरोबर उत्तर देईल तो हॉट सीटवर. तो तिथे खेळत असतानाही बाकीचे आपापल्या जागी तेच प्रश्न सोडवत राहत, त्यांचेही गुण मोजले जात आणि वरचा स्पर्धक बाद झाला की त्या क्षणी ज्याचे गुण सर्वाधिक असतील तो उठून मंचावर जाई. पैशांऐवजी गुण; बक्षीस म्हणून खालच्या पायऱ्यांवर बिल्ले आणि टोप्या, अगदी वरच्या पायरीला सहल. उत्तराला वेळेची मर्यादा, कारण पुढचा खेळ पाहायला बाहेर रांग उभी. टीव्हीवरच्या मूळ अमेरिकी कार्यक्रमात घड्याळ नंतर, २००८ मध्ये आलं. उद्यानातल्या आवृत्तीत ते पहिल्यापासून होतं.

आणि 'फोन अ फ्रेंड'? उद्यानात आलेल्या माणसाचा मित्र घरी फोनपाशी बसलेला असेलच असं नाही. डिस्नेने तिथे जे केलं ते मला अजून आवडतं. सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर एक फोन ठेवला आणि तिथल्या कर्मचाऱ्याने जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी कुणालाही थांबवून त्याच्या हातात तो द्यायचा. नाव ठेवलं 'फोन अ कम्प्लीट स्ट्रेंजर'. आत बसलेला स्पर्धक घामाघूम, बाहेर आइस्क्रीम खात चाललेला कुणी अनोळखी गृहस्थ अचानक त्याचा तारणहार. मूळ नियमाशी ही सरळसरळ फारकत होती. तरी मूळ नियमाची मजा शाबूत राहिली. अडलेल्या वेळी दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, ती धाकधूक तशीच. उलट वाढलेली.

कॅलिफोर्नियातला खेळ २००४ मध्ये बंद झाला, फ्लोरिडातला २००६ मध्ये. टीव्हीवरची लाट ओसरली तशी त्याचीही ओसरली. पण जितकी वर्षं चालला तितकी वर्षं त्याने एक गोष्ट दाखवून दिली. वेष जसाच्या तसा ठेवला की माणसं आत येतात, आणि आत आल्यावर त्यांना नुसतं बघायला लावलं तर कंटाळतात. टीव्हीसमोर सोफ्यावर बसलेला माणूस 'अरे, बी! बी!' म्हणून ओरडतच असतो. डिस्नेने त्या ओरडण्याला बटण दिलं.

याच खेळाची आणखी एक नक्कल इंग्लंडमध्ये नाटकाच्या रंगमंचावर झाली. सप्टेंबर २००१ मध्ये चार्ल्स इनग्राम नावाच्या मेजरने ब्रिटिश 'मिलियनेअर'मध्ये दहा लाख पौंड जिंकले आणि प्रेक्षागृहातल्या खोकल्याच्या खुणांवरून उत्तरं ओळखल्याबद्दल २००३ मध्ये तो, त्याची बायको आणि खोकणारा स्पर्धक दोषी ठरले. जेम्स ग्रॅहॅम यांनी त्यावर 'क्विझ' हे नाटक लिहिलं. २०१७ मध्ये चिचेस्टरला, २०१८ मध्ये लंडनच्या वेस्ट एंडला ते झालं. प्रेक्षकांच्या हाती मतदानाची बटणं. सरकारी पक्ष ऐकून झाल्यावर एकदा मत द्यायचं, बचाव ऐकून झाल्यावर पुन्हा. प्रश्न एकच, मेजर दोषी की निर्दोष? 'ऑडियन्स पोल' नावाची लाइफलाइन त्या लेखकाने उचलली आणि न्यायनिवाड्याला जुंपली. इतकं स्वातंत्र्य घेऊनही ते नाटक मूळ कार्यक्रमाशी विलक्षण इमानी आहे, कारण त्या कार्यक्रमाने लोकांना जी सवय लावली होती तिच्यावरच ते बोट ठेवतं.

*

'द प्राइस इज राइट'ची गोष्ट मला सर्वांत उद्बोधक वाटते. आपल्याकडे तो फारसा कुणी पाहिलेला नाही. अमेरिकेत १९७२ पासून सीबीएस वाहिनीवर सकाळच्या वेळी चालतो. बॉब बार्कर यांनी पस्तीस वर्षं चालवला, २००७ पासून ड्रू कॅरी चालवतात. खेळ वस्तूंच्या किमती ओळखण्याचा. साबणाची वडी कितीला, फ्रीज कितीला, मोटार कितीला. निवेदक प्रेक्षकांतून एकेकाचं नाव पुकारतो आणि तो माणूस अक्षरशः उड्या मारत खाली येतो.

कुणाचं नाव पुकारलं जातं हा योगायोग वाटतो, तसा तो नसतो. चित्रणाआधी रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाशी निर्माते काही सेकंद बोलतात आणि त्यातून नऊ जण निवडतात. कोण उत्साही, कोण बोलका, कुणाच्या उड्या कॅमेऱ्याला आवडतील, ते हेरून.

२००३ पासून या खेळाचा रंगमंचीय दौरा, 'द प्राइस इज राइट लाइव्ह', कॅसिनो आणि नाट्यगृहांत होऊ लागला. टीव्हीवरचं चाक आहे, प्लिंको नावाच्या खेळाचा फळा आहे, चकाकते रंग आहेत. आकाराने सगळं थोडं लहान. पण निवड? ती चिठ्ठ्या टाकून. नाव नोंदवायला तिकीट घ्यावंच लागतं असं नाही, आणि तिकीट घेतल्याने निवडीची शक्यता वाढत नाही, असं कंपनी स्वतःच जाहीर करते. कारण अर्थातच कायदेशीर: पैसे भरा, नशीब आजमावा, बक्षीस जिंका, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते. टीव्हीवर प्रेक्षकाला तिकिटाचे पैसे मोजावे लागत नाहीत म्हणून निर्मात्याला मनासारखी निवड करता येते. नाट्यगृहात तिकीट आलं आणि निवडीचा हात बांधला गेला.

याचा परिणाम मंचावर दिसतो. चिठ्ठीतून कधी बुजरा माणूस येतो, कधी ज्याला गुडघ्यांमुळे उड्या मारता येत नाहीत असा. सूत्रसंचालकाला अशा माणसाला सांभाळून घ्यावं लागतं. बार्कर यांना ती वेळ क्वचितच आली असेल. शिवाय इथे प्रत्येक खेळाला नवे स्पर्धक. टीव्हीवर एकच माणूस पहिल्या बोलीपासून शेवटच्या मोठ्या बक्षिसापर्यंत चढत जाऊ शकतो आणि आपण त्याच्यात गुंतत जातो. ती चढण इथे नाही, त्याऐवजी जास्त जणांना संधी. कथा गेली, वाटणी वाढली. मला विचाराल तर नाट्यगृहात बसलेल्या माणसाच्या दृष्टीने हा सौदा बरा आहे. तो गोष्ट ऐकायला आलेला नसतो, नाव पुकारलं जाईल म्हणून आलेला असतो.

नकलेत काय मोडावं याला जवळजवळ सीमा नाही, असं मला यावरून वाटतं. सेट लहान करा, लाइफलाइन बदला, पैशांऐवजी टोपी द्या, लोक कुरकुरत नाहीत. एकाच बाबतीत कुरकुरतात. कोण जिंकणार हे आधी ठरलेलं आहे असा वास आला, की संपलं. १९५० च्या दशकात अमेरिकेत 'ट्वेंटी-वन' नावाचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम होता. हर्बर्ट स्टेम्पल नावाच्या विजेत्याला १९५६ मध्ये मुद्दाम चुकायला लावून चार्ल्स व्हॅन डॉरेन या देखण्या प्राध्यापकाला पुढे आणलं गेलं आणि त्याला उत्तरं आधीच पुरवली गेली. व्हॅन डॉरेनने १९५९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीसमोर कबुली दिली. १९६० मध्ये प्रसारित स्पर्धांत लबाडी करणं हा कायद्याने गुन्हा ठरला. त्या निर्मात्यांची बाजू अशी होती की हे मनोरंजन आहे, नाटक आहे, कथा रंगली पाहिजे. प्रेक्षकांना नाटक बघायचंच नव्हतं, त्यांना खेळ बघायचा होता. नाटकातला खोटेपणा आपण पैसे देऊन विकत घेतो आणि खेळातल्या खोटेपणाला फसवणूक म्हणतो, हा फरक त्या हुशार माणसांना कळला नाही.

*

इंग्लंडमधला 'क्रिस्टल मेझ' या सगळ्यांपेक्षा वेगळा पडतो. १९९० मध्ये चॅनल फोरवर सुरू झालेला हा खेळ बुद्धीचा आणि चपळाईचा: ॲझटेक, मध्ययुग, भविष्यकाळ अशा विभागांतून पळत कोडी सोडवायची आणि काचेचे स्फटिक मिळवायचे. वेळेत बाहेर आलं नाही तर खोलीत कोंडून राहायचं. शेवटी एका पारदर्शक घुमटात पंख्यांनी उडवलेले सोनेरी कागद पकडायचे. एका स्फटिकामागे घुमटात पाच सेकंद. १९९५ मध्ये तो थांबला. तो पाहत वाढलेली मुलं मोठी झाली, कमावू लागली आणि २०१५ मध्ये त्याची प्रत्यक्ष आवृत्ती उभारण्यासाठी लोकवर्गणी काढली गेली तेव्हा नऊ लाख पौंडांहून अधिक रक्कम जमली. पुढच्या वर्षी लंडनच्या इस्लिंग्टन भागात तो उघडला.

इथे प्रेक्षक नाहीतच, तिकीट काढणारा प्रत्येक जण खेळाडू. साहजिकच निष्ठेचा आग्रह सर्वाधिक. पडद्यावर दिसलेलं दार तसंच हवं, कोंडून घेण्याची शिक्षा तशीच हवी, घुमट तर हवाच. फक्त रिचर्ड ओ'ब्रायन यांच्यासारखा सूत्रसंचालक एकच होता आणि इथे एका वेळी चार चमू फिरणार. म्हणून प्रत्येक चमूला वेगळा 'मेझ मास्टर' मिळतो. ओ'ब्रायन यांची नक्कल न करता त्यांच्यासारखा तिरकसपणा करायचा, हे त्यांचं काम. पुढे २०१६ मध्ये टीव्हीवर त्याचा एक विशेष भाग झाला तेव्हा त्याचं चित्रण याच इस्लिंग्टनच्या जागेत झालं. नक्कल मुळाचं घर झाली.

आपल्याकडेही थोडंसं असंच घडलं. टाळेबंदीत २०२० मध्ये 'होम मिनिस्टर घरच्या घरी' आला. भावोजी मोबाइलच्या पडद्यावर, वहिनी आपल्या स्वयंपाकघरात. म्हणजे कार्यक्रमाने स्वतःच आपला नियम मोडला आणि गप्पा तेवढ्या राखल्या. मग २०२२ मध्ये 'महामिनिस्टर' आला: शहरोशहरी स्पर्धा, मोठी गर्दी आणि अकरा लाख रुपयांची पैठणी. वाहिनीने मैदानाकडे बघून आपला कार्यक्रम मैदानासारखा करून घेतला. अकरा लाखांचा आकडा ऐकल्यावर गप्पांकडे कोण लक्ष देणार? मूळ आणि नक्कल यांतलं अंतर मुळानेच कमी केलं, पण ज्या बाजूने कमी करायला हवं होतं त्याच्या उलट बाजूने.

कुणी म्हणेल, गावोगावचे हे भावोजी वाहिनीचा कार्यक्रम चोरतात, त्यांच्यावर कारवाई का होत नाही? कायदा इथे भलताच सैल आहे. 'ऑपॉर्च्युनिटी नॉक्स' या ब्रिटिश कार्यक्रमाचे सूत्रसंचालक ह्यूई ग्रीन यांनी न्यूझीलंडच्या प्रसारण महामंडळावर दावा लावला होता. नाव तेच, ठेवणीची वाक्यं तीच, टाळ्या मोजायचं यंत्रसुद्धा तेच. १९८९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला तो ग्रीन यांच्या विरुद्ध: असा आराखडा म्हणजे संहिता नव्हे, त्याला स्वामित्वहक्क मिळत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात कल्पनेवर हक्क नसतो, तिच्या मांडणीवर असतो, हे स्पष्ट केलं होतं. बोधचिन्ह, नाव, शीर्षकगीत यांचं वेगळं. पण घरी किंवा मांडवात जाऊन बायकांना उखाणे घ्यायला लावून पैठणी द्यायची, ही कल्पना कुणाच्या बापाची नाही. मला विचाराल तर हे बरंच झालं. नाहीतर अमेरिकेतल्या आणि आखातातल्या महाराष्ट्र मंडळांना संक्रांतीच्या कार्यक्रमासाठी वाहिनीच्या दारात उभं राहावं लागलं असतं.

*

आता प्रामाणिकपणाचा मुद्दा मांडवात आणू. इथे कायद्याचा धाक नाही, आहेत ते हजार डोळे. बायका काय बघतात? आधी पैठणी. येवल्याच्या, पैठणच्या पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मानांकनाच्या कितीतरी आधीपासून बायकांना हातमागाची आणि यंत्रमागाची ओळखता येते. पदर उलटायचा. हातमागाच्या पदरावरचा मोर मागूनही तसाच नीट दिसतो, सुटे धागे लोंबत नाहीत. दहा हजारांच्या पुढची पैठणी फलकावर दाखवून हजार-दीड हजाराची 'सेमी' हातात ठेवली, की जिंकलेली बाई मंचावर हसते आणि खाली उतरून पदर उलटते. तिच्या मागच्या दहा जणीही उलटतात. पुढच्या वर्षी त्या आयोजकाच्या खुर्च्या रिकाम्या. सेमी द्यायला हरकत नाही, 'सेमी' म्हणून सांगून द्यावी.

दुसरं बघतात ते डब्यात हात कोण घालतं ते. आयोजकांच्या घरातली, वॉर्डातल्या पदाधिकाऱ्याची बायको, मंडळाच्या खजिनदाराची वहिनी अंतिम फेरीत दिसली, की टाळ्या पातळ होतात. जाणता भावोजी म्हणूनच डब्यातली चिठ्ठी समोरच्या रांगेतल्या लहान मुलीला काढायला लावतो आणि नंबर दोनदा मोठ्याने वाचतो. 'प्राइस इज राइट'च्या वकिलांनी जे नियमावलीत लिहिलं ते तो असं करून दाखवतो.

तिसरी गोष्ट भावोज्याच्या हातात नसते. टीव्हीवर खर्च जाहिरातदार करतो. मांडवात ज्याचा फोटो मागच्या पडद्यावर आहे तो. मतांसाठी वस्तू देणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार लाचलुचपत ठरतं, त्यामुळे आचारसंहिता लागण्याआधीच्या दोन महिन्यांत पैठणीच्या खेळांना ऊत येतो. साहेब उशिरा येतात, खेळ मध्येच थांबतो, सत्कार होतात, भाषण होतं, संगीतखुर्चीच्या मधोमध उभ्या राहिलेल्या बायका घड्याळाकडे बघत राहतात. घेतलेल्या स्वातंत्र्यांपैकी हे एक मात्र अक्षम्य वाटतं. खेळाला आपली लय असते. डिस्नेने तिच्यासाठी घड्याळ आणलं, आपण भाषण आणलं.

आणि तरीही मांडवाने एका बाबतीत टीव्हीच्या पुढे जायला हवं, आणि काही ठिकाणी जायला सुरुवातही झाली आहे. 'होम मिनिस्टर'चा आराखडा वहिनीभोवती, म्हणजे नवऱ्याच्या बायकोभोवती विणलेला. उखाणा नवऱ्याच्या नावाचा. मैदानावर तो आराखडा जसाच्या तसा आणला की समोरच्या हजारांतल्या विधवा, परित्यक्ता, अविवाहित बायका मंचावर येत नाहीत किंवा येऊन गप्प उभ्या राहतात. हळदीकुंकवाच्या निमित्ताने भरलेल्या मांडवात तर त्या मुळात येतातच असं नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्याच्या ग्रामविकास विभागाने इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. त्यानंतर सर्व बायकांसाठी हळदीकुंकू ठेवणाऱ्या गावांच्या बातम्या अधूनमधून येतात.

मांडवातल्या खेळात हे करायला परिपत्रक लागत नाही. नोंदणीच्या वहीतला 'पतीचे नाव' हा रकाना काढून टाकला आणि भावोज्याने पहिल्याच फेरीत 'उखाणा कुणाच्याही नावाचा घ्या, आईच्या, लेकीच्या, मैत्रिणीच्या, स्वतःच्या' असं सांगितलं की झालं. मग माइक पुढे करून नुसतं नाव-गाव न विचारता ज्या व्यक्तीचं नाव घेतलं तिच्याबद्दल एक प्रश्न विचारायचा. पंचवीस जणींना प्रत्येकी एक प्रश्न म्हणजे फार तर पंधरा मिनिटं. तेवढी पंधरा मिनिटं साहेबांच्या भाषणातून काढता येतात.